डोळ्याचे रोडगे

माझ्या भाचीचं बातम्यांचं चॅनल माझ्या पुढच्या खोलीतून चालतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. चॅनल म्हणजे काही इमारत नाही. एक फोन, फोनची तिपाई, मागे टांगलेली माझी निळी चादर आणि वांग्याच्या उपड्या कॅरेटवर बसलेली भाची. चादरीवर मोर आहे, तो दिसू नये म्हणून ती उलटी टांगतो. बातम्या सुरू असल्या की मी मिक्सर लावत नाही, ठेचा खलबत्त्यात कुटते, तोही चादर काढल्यावर. देशाच्या पत्रकारितेत माझा हातभार एवढाच.

भाची अकोल्याची, माझ्या धाकट्या बहिणीची पोरगी. अमरावतीला विद्यापीठात शिकायला माझ्याकडे आली, शिकणं झालं अन् राहूनच गेली. मला बरंच झालं. आमचं वावर चांदूर बाजारच्या रस्त्याला आहे, भाजीपाल्याचं. घरधनी गेल्यापासून मीच पाहते, मीच बाजारात नेते. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचणं मी रद्दीवर शिकली, मेथीच्या जुड्या बांधायला आणायची त्या. त्यामुळे मला बातम्या महिनाभर उशिरा कळायच्या. काही बिघडलं नाही. बातमी शिळी असली तरी वाचता येते, मेथीचं तसं नाही.

आता आमच्याकडचं राज्य. ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत एकच पक्ष आहे. सोय आहे तशी. तक्रार कुठंही द्या, एकाच ठिकाणी पोचते. पूर्वी एका ऑफिसातून हाकललं तर माणूस दुसऱ्या पक्षाच्या दारात जाऊन बसायचा, त्यात दिवस जायचा. आता तो दिवस वाचतो.

भाचीचा मात्र एक नियम होता. बातमी दोन्ही बाजूंनी द्यायची. एक बाजू सरकारची, दुसरी विरोधकाची. विरोधकाच्या बाजूला तिच्याकडे आमच्या गल्लीच्या तोंडावर राहणारा भाऊ होता, सगळी गल्ली त्याला भाऊच म्हणते. भाऊनं उभा जन्म विरोध केला. हौसच होती त्याला. संध्याकाळी येऊन कॅरेटवर बसायचा, चहा प्यायचा, सरकारवर बोलायचा आणि जाताना कोथिंबीर घेऊन जायचा. मग एक दिवस तो सकाळी एका जीपनं अकोल्याच्या सभेला गेला आणि संध्याकाळी दुसऱ्या जीपनं परत आला. गळ्यातला दुपट्टा वेगळ्या रंगाचा. त्याची बायको दुपट्टा वाळू घालताना म्हणाली, धुतला का दोन्हीचा रंग सारखाच जाते.

सरकारी माहिती खात्याशीही भाचीचा संबंध होता. मंत्री आले की पत्रकारांना आत जायचा पास मिळतो. तो मागायला ती गेली तर सांगितलं, तुमचं छापून निघत नाही, नोंद नाही, म्हणजे तुम्ही पत्रकार नाही. ती म्हणाली, बरं. ती मंडपाबाहेर उभी राहून बातमी करायची. बाहेरून जास्त दिसतं असं तिचं म्हणणं.

तर अशात तिनं नळाची बातमी केली. धारणीच्या पलीकडे एका गावात पाण्याची योजना झाली, उद्घाटन झालं, फोटो आले. भाची एसटीनं धारणीपर्यंत गेली, पुढं जीपच्या मागच्या दांड्याला धरून गेली. तिथं प्रत्येक घरासमोर नळ होता. नळाला हार होता. पाणी नव्हतं, कारण नळाखालचा पाइप हातभर जमिनीत जाऊन संपला होता. एक म्हातारी रोज संध्याकाळी आपल्या दारातला नळ उपसून घरात नेते आणि सकाळी परत रोवते. भाचीनं तिला विचारलं, काहून बाप्पा? म्हातारी कोरकूत बोलली, सोबतच्या बाईनं मराठीत सांगितलं: "बाहेर राह्यला तर चोरीले जाईन. सरकारनं दिला आहे, जपाले पाह्यजे."

एवढीच बातमी. भाची त्यात हसली नाही, काही म्हणाली नाही. म्हातारी नळ काढते, पदरानं पुसते, कोनाड्यात ठेवते. दुसरी बाजू हवी म्हणून भाचीनं भाऊला फोन लावला. तो म्हणाला, "मी आता इकडून बोलू का तिकडून?" ही म्हणाली, तिकडून. तो म्हणाला, "तिकडे आता कोणी नाई व पोरी." मग तिनं बातमीच्या शेवटी सांगितलं, विरोधी बाजू उपलब्ध होऊ शकली नाही.

ते इतक्या लोकांनी पाहिलं की बाजारात मला गिऱ्हाईकं म्हातारीची खुशाली विचारू लागली. आणि मग अकोल्यातल्या एका माणसाच्या भावना दुखावल्या. नळ धारणीचा, चॅनल अमरावतीचं, दुखलं अकोल्याला. त्यानं तिथं तक्रार दिली आणि भाचीला पोलिसांचं बोलावणं आलं. नोटिशीत लिहिलं होतं, 'पत्रकार'. तिला आनंद झाला. तिनं तिथल्या साहेबाला विचारलं, हेच माहिती खात्याला लिहून देता का? साहेबानं नोटीस परत घेतली, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'स्वतःस पत्रकार म्हणवणारी'.

साहेब वाईट नव्हता. तिचा फोन ठेवून घेतला, पण पंखा तिच्या बाजूनं फिरवला. म्हणाला, दोन गोष्टी करा. तो व्हिडिओ काढून टाका आणि या हमीपत्रावर सही करा. फोन घेऊन जा. नाहीतर फोन पुरावा म्हणून राहील, आणि पुरावे आमच्याकडे पुष्कळ वर्षं राहतात. हमीपत्रात होतं की यापुढे मी कोणतीही बातमी संबंधित खात्याकडून खात्री करून घेतल्याशिवाय दाखवणार नाही. म्हणजे नळाला पाणी आहे का, ते नळ लावणाऱ्याला विचारायचं.

"मॅडम, माझ्या गावी पण नळ कोरडाच आहे," साहेब म्हणाला. "मी काही व्हिडिओ काढून राह्यलो काय?"

भाचीनं सही केली नाही. फोनचं कुलूपही उघडून दिलं नाही. चॅनलची किल्ली त्याच फोनात, म्हातारीचा पूर्ण व्हिडिओ त्याच फोनात. चॅनल बंद पडलं. साहेबानं दर सोमवारी यायला सांगितलं. काम काही नसायचं. बाकावर बसायचं, दुपारी हमीपत्र पुढे यायचं, ही नाही म्हणायची, मग पुढचा सोमवार. माझी बहीण अकोल्याचीच, ती डबा घेऊन यायची अन् डब्यासोबत ऐकवायची, कोण्या परक्या म्हातारीच्या नळापायी लग्नाचं वय घालवून राहिली पोरगी. करून टाक सही.

घरी एकदा मीही म्हटलं, पोरी, व्हिडिओच तर आहे. काढून टाक. तसाही सगळ्यांनी पाहून झाला.

ती चादरीची घडी घालत होती. म्हणाली, "मी काढला तर थे म्हातारी खोटी ठरते, मावशी."

मग मी तो विषय पुन्हा काढला नाही. पण तिचं वजन उतरत होतं आणि संध्याकाळी मिक्सर बिनधास्त लावता यायचा, ते मला बरं वाटेना.

आता मध्येच माझ्या डोळ्याचं सांगावं लागतं, कारण सगळं त्यावरूनच झालं.

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. हे मी अमरावतीत कोणालाच सांगितलं नव्हतं. भाजीबाजारात बाईला दिसत नाही हे एकदा कळलं की तिच्या टोपलीत वरून वांगी आणि खालून पाला निघतो, आणि तराजूचा काटा तिच्यापुरता आळशी होतो. माहीत होतं फक्त भाचीला, बहिणीला आणि वावराच्या बांधावरच्या मारोतीला. मारोतीला मी बोलून ठेवलं होतं, डोळा नीट झाला तर रोडगे करीन. ऑपरेशन मी अकोल्याला केलं, बहिणीकडे राहता येतं म्हणून. डॉक्टरचा तपासणीचा वारही सोमवारच निघाला. मग काय, भाची आणि मी एकाच एसटीनं जायचो. आधी तिच्यासोबत पोलिसात बसायचं, मग माझ्या दवाखान्यात.

पोलिसातल्या बाकावर मी काळा चष्मा लावून बसायची. तिथल्या शिपायाला वाटलं म्हातारीला काहीच दिसत नाही. मोठा भला पोरगा. त्यानं मला हाताला धरून पाण्याच्या माठापर्यंत नेलं आणि भिंतीवरचा फलक वाचून दाखवला, नागरिकांशी सौजन्याने वागावे. मी म्हटलं, छान लिहिलं आहे बाप्पा.

इकडे गल्लीत वेगळंच चाललं होतं. लोकांना वाटलं, मावशी दर सोमवारी अकोल्याला केसपायी जाते आणि रडून रडून डोळे गेले म्हणून काळा चष्मा लावते. मी खोडलं नाही. खोडलं असतं तर मोतीबिंदू सांगावा लागला असता.

मार्गशीर्षात डॉक्टरनं चष्मा काढला. मी दवाखान्याच्या दारातून समोरच्या दुकानाची पाटी वाचली, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. उधारी बंद आहे. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आल्या आल्या मी गोवऱ्या काढल्या आणि सांगावा पाठवला, मावशीकडे रोडगे आहेत, नवस फेडून राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्याच्या निखाऱ्यात भाजायचे, फडक्यात घालून राख झाडायची, तुपात कुस्करायचे. सोबत वरण आणि वांग्याची रस्सेदार भाजी. हे वावरातच व्हायला पाहिजे. आणि याला पत्रिका नसते. ज्याच्या कानावर गेलं तो जेवायला आला, मग तो कोणीही असो, त्याला परत पाठवत नाहीत. दुसरं असं की नवस काय होता हे विचारायचं नसतं. बोलणाऱ्यानं सांगायचं नसतं, जेवणाऱ्यानं विचारायचं नसतं. विचारलं तर देवाला वाटते हिशेब तपासून राहिले, असं माझी सासू म्हणायची.

तर गल्ली आली, बाजार आला, आमच्या चौकीतले दोन शिपाई आले आणि भाऊही आला, नव्या दुपट्ट्यात. पांढरा शर्ट असूनही तो निखाऱ्यापाशी बसला. भाजणं आमच्याकडे पुरुषांचं काम आणि भाऊचा हात त्यात चांगला, पक्ष कोणताही असो. भाची एकटी चिंचेखाली बसून कांदे चिरत होती. सगळे जण तिच्याजवळून जाताना जरा हसून जात होते, एकीनं तर तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला वाटलं पोरीची दया येते बायांना.

पंगत बसली. मी तूप वाढत भाऊपाशी आली. त्यानं आवाज खाली केला.

"झालं म्हणायचं मंग मावशे."

"झालं बाप्पा."

"कोणाचा फोन गेला होता?"

मला काही उमजलं नाही. फोन तर पोलिसात होता. तुपाची धार भलतीकडे जाऊन राहिली होती. मी म्हटलं, "भाऊ, पत्रावळीवरचा हात काढ, तूप घे."

त्यानं हात काढला. मान अशी हलवली जशी मी फार मोठी गोष्ट सांगितली. तूपही पोटभर घेतलं.

जेवण झाल्यावर तो विहिरीपाशी जाऊन फोनवर कोणाशी तरी बोलत होता. डोळा माझा नवा होता, कान जुनेच, पण चांगले आहेत. "हाव, तिच्याच वावरात आहो. रोडगे केले ना तिनं. नाई, नाव सांगून नाई राहिली म्हातारी. लय मोठा माणूस असल, म्हणून तर सांगत नाई." मला वाटलं त्याच्या नगरसेवकाच्या तिकिटाचं काही चाललं असेल. मी भांडी आवरायला गेली.

पुढच्या सोमवारी मला अकोल्यात काम नव्हतं, पण सवयीनं गेली. चष्म्याशिवाय. शिपायानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. मी फलकाकडे बघून म्हटलं, सौजन्याने मधला 'सौ' पुसट झाला आहे, गिरवून घ्या. तो जरा मागे सरकला.

आम्हाला बाकावर बसूच दिलं नाही. सरळ आत. साहेब उभा राहिला. खुर्च्या आल्या, चहा आला, चहासोबत बशीत बिस्किटं आली. टेबलावर भाचीचा फोन होता, पिशवीतून काढून पुसून ठेवलेला. चार्जही करून ठेवला होता.

"घेऊन जा मॅडम," साहेब म्हणाला. "इथं पोच म्हणून सही करा, बास."

भाची म्हणाली, "अन् हमीपत्र?"

मी टेबलाखालून तिला चिमटा काढला. चांगला काढला.

"कायचं हमीपत्र," साहेब म्हणाला. "तुम्ही आधीच सांगायचं होतं ना."

"काय सांगायचं होतं?"

साहेबानं दाराकडे पाहिलं. "नाही. नकाच सांगू. मला माहीत नसलेलं बरं." मग चहाचा कप फिरवत, "रोडगे चांगले झाले म्हणतात. आम्हाले काही सांगावा आला नाही."

मी म्हटलं, साहेब, त्याला सांगावा लागत नाही, यायचं असते. खरंच वाईट वाटलं मला. इतक्या सोमवारी पंखा फिरवला होता माणसानं.

एसटीत बसल्यावर मूर्तिजापूरपर्यंत भाची फोन दोन्ही हातांत धरून होती, उघडलासुद्धा नाही. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही रोडग्याच्या दिवशी भाऊले काय सांगितलं?"

"तूप घे म्हटलं."

तिनं मग एकेक धागा जुळवला. गल्लीनं धरलं की नवस तिच्या केसचा. नवस फेडला म्हणजे केस मिटली. केस मिटली म्हणजे कोण्या मोठ्यानं फोन केला. भाऊनं ते तालुक्याला सांगितलं, तालुक्यानं जिल्ह्याला, जिल्ह्यानं अकोल्याला. मी म्हटलं, अन् एकानंही वर विचारून पाहिलं नाही?

"कसे विचारतीन? विचारलं तर वरचा म्हणल, तुले माहीत नाई? म्हणजे तुले कोणी सांगतच नाई का? मंग ज्याले त्याले वाटलं, बाकीच्याइले माहीत आहे, आपल्यालेच नाई."

मी खिडकीतून पाहत होती. डाव्या डोळ्यानं दूरचे विजेचे खांब मोजता येत होते. मी म्हटलं, बरंच झालं.

"पण हे खोटं झालं ना, मावशी."

"काय खोटं? डोळा नीट झाला, मी रोडगे केले. माझं कुठं खोटं आहे?"

ती म्हणाली, मग याचीच बातमी करते. कोणी फोन न करता फोन आला कसा. मी म्हटलं, कर, पण दोन्ही बाजू घेजो. दुसरी बाजू कोणाची घेशील? जो फोन झालाच नाही त्याच्या माणसाची? तेव्हा ती हसली. कित्येक सोमवारांनी हसली. बडनेऱ्याला उतरून आम्ही आलुबोंडा खाल्ला.

ती बातमी तिनं अजून केलेली नाही. म्हणते, करीन, एवढी भीती कशाची. मी आपली मेथी निवडते.

चॅनल सुरू झालं, चादर उलटी टांगली गेली, माझा मिक्सर परत बंद. म्हातारीचा व्हिडिओ होता तसा आहे. भाची पुन्हा धारणीकडे जाऊन आली. खात्यानं दखल घेतली होती. पाइप होता तेवढाच होता, पण नळाला आता साखळी आणि कुलूप लावलं होतं, म्हणजे म्हातारीला तो घरात नेता येऊ नये. म्हातारी संध्याकाळी कुलूप ओढून पाहते आणि घरात जाते. तेही भाचीनं दाखवलं. भाऊनं इकडून प्रतिक्रिया दिली, की कामाला गती आली आहे. कोथिंबीर घेऊन गेला.

पण तक्रार काही मागे घेतलेली नाही. फोन सुटला, केस आहेच. ती आता अकोल्याच्या कोर्टात लागणार आहे. साहेबाची बदली झाली, नवा साहेब आला आहे. तो कसा आहे, पंखा कोणीकडे फिरवतो, काही माहीत नाही. भाची वरून दाखवत नाही, पण फोन उशाखाली घेऊन झोपते, ते मला माहीत आहे.

माझा उजवा डोळाही पिकत आला आहे. गेल्या आठवड्यात अकोल्याच्या डॉक्टरनं तपासला, म्हणाला, मावशी, घाई नाही, पण करून घ्यायचा तर कधी करायचा ते तुम्ही सांगा. मी म्हटलं, जराक थांबा डॉक्टर, कोर्टाची तारीख कळू द्या.

घरी आल्यावर गोवऱ्या तेवढ्या छपराखाली रचून ठेवल्या. ओल्या गोवऱ्यांचा धूरच होतो नुसता.